बुबुळ पातळ म्हणजे डोळ्याची नसही पातळ? एका फिरत्या संदेशाला उत्तर

काचबिंदूबद्दलचा, म्हणजे डोळ्याची नस हळूहळू झिजवणाऱ्या आजाराबद्दलचा, एक मजकूर गेले काही महिने घरोघरच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरतो आहे. डोळे तपासायला आलेली माणसं तो मोबाइलवर उघडून समोर धरतात आणि विचारतात, "हे खरं का?" मजकूर थोडक्यात असा (कॉर्निया म्हणजे बुबुळाची पुढची पारदर्शक काच, पॅकिमेट्री म्हणजे तिची जाडी मोजणं, ओसीटी म्हणजे नसेच्या थराची जाडी मोजणारी तपासणी, लेसिक म्हणजे चष्म्याचा नंबर घालवणारी लेसर शस्त्रक्रिया): "कॉर्निया आणि डोळ्याची नस एकाच घडणीच्या असतात. पॅकिमेट्रीत कॉर्निया ५५५ मायक्रॉनच्या खाली आला तर नसेचा थरही पातळच असतो, आणि काचबिंदू होणारच. कॉर्निया ६०० च्या वर असेल तर दाब कितीही येवो, घाबरू नका, थेंब घालू नका. लेसिक केलं की कॉर्नियाबरोबर नसही झिजते. ओसीटीत लाल रंग आणि जोडीला पातळ कॉर्निया, म्हणजे निदान पक्कं. म्हणून घरातल्या सगळ्यांची, मुलांचीही, आजच पॅकिमेट्री करून घ्या."

हा मजकूर सगळाच खोटा असता तर एव्हाना विझला असता. त्यात एक खरा दाणा आहे, म्हणून तो टिकला आणि म्हणूनच तो जास्त धोक्याचा आहे. निरोगी माणूस त्यापायी महिनोन्‌महिने धास्तावून राहतो आणि ज्याला खरोखर उपचार हवेत तो डोळ्याचा दाब उतरवणारे थेंब बंद करून बसतो. यातलं दुसरं नुकसान भरून येत नाही. काचबिंदूत गेलेली नजर परत आणता येत नाही. म्हणून एकेक वाक्य घेऊन बोलतो.

"कॉर्निया आणि नस एकाच घडणीच्या"

आधी या दोन तपासण्या काय मोजतात ते पाहू. पॅकिमेट्रीसाठी डोळा बधिर करणारा थेंब घालतात, समोर सरळ बघायला सांगतात आणि पेन्सिलीच्या टोकाएवढा प्रोब बुबुळाच्या मधोमध हलकेच टेकवतात. यंत्र वाचनं घेतं आणि सरासरी आकडा दाखवतं. ही जाडी डोळ्याच्या अगदी पुढच्या पारदर्शक काचेची. ती साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे पाचशे ते साडेपाचशे मायक्रॉनच्या आसपास भरते.

ओसीटीत डोळ्याला काही टेकत नाही. हनुवटी ठेवायची, आतल्या खुणेकडे बघायचं, डोळा हलवायचा नाही. यंत्र डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, नस जिथून मेंदूकडे निघते त्या चकतीभोवती, सुमारे ३.४ मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ आखतं आणि त्या वर्तुळावर चेतातंतूंचा थर, म्हणजे मजकुरातला "नसेचा थर", किती जाड आहे ते मोजतं. पडद्यावरून निघून नसेकडे जाणारे हे तंतू दहा-बारा लाखांच्या घरात असतात. धडधाकट प्रौढ डोळ्यात त्या थराची सरासरी जाडी ९० ते १०० मायक्रॉनच्या आसपास येते. यंत्राच्या कंपनीनुसार ती थोडी इकडेतिकडे होते.

आता घडण. कॉर्नियाच्या जाडीचा नव्वद टक्के भाग म्हणजे कोलॅजनच्या तंतूंचा शिस्तीत रचलेला मधला थर, आणि गर्भात तो तयार होतो न्यूरल क्रेस्ट या पेशींपासून. डोळ्याचा पडदा आणि त्यावरचे चेतातंतू मात्र वाढत्या मेंदूतूनच बाहेर आलेल्या फुगवट्यापासून बनतात. म्हणजे एक आहे कोलॅजनची काच आणि दुसरा मेंदूचाच विस्तार. जन्म वेगळा, काम वेगळं, पोसण्याची रीतही वेगळी. कॉर्नियाच्या मध्यावर तर रक्तवाहिन्याच नसतात.

रोजच्या आयुष्यातही या दोन जाड्या एकमेकींना विचारून वागत नाहीत. रात्री पापण्या मिटलेल्या असताना कॉर्निया पाणी धरतो आणि तीन-चार टक्क्यांनी फुगतो. सकाळी डोळे उघडल्यावर तासा-दोन तासांत तो मूळ जाडीवर येतो. नसेच्या थरात त्या वेळात असं काही घडत नाही. कॉन्टॅक्ट लेन्स जास्त वेळ घातली तरी कॉर्निया सुजतो, मागचा थर आहे तसाच राहतो.

"५५५ च्या खाली म्हणजे नस पातळ"

इथे जरा थांबावं लागेल. मजकुराचा सगळा डोलारा याच आकड्यावर उभा आहे आणि हा आकडा हवेतून आलेला नाही.

अमेरिकेत २२ केंद्रांवर १,६३६ लोकांचा एक मोठा अभ्यास झाला. डोळ्याचा दाब वाढलेला, पण नस आणि दृष्टिक्षेत्र अजून व्यवस्थित, अशीच माणसं त्यात घेतली होती. प्रश्न साधा होता: यांना आधीच थेंब सुरू केले तर काचबिंदू टळतो का? २००२ साली उत्तर आलं. पाच वर्षांत थेंब न घेणाऱ्यांपैकी ९.५ टक्के जणांना काचबिंदू झाला, थेंब घेणाऱ्यांपैकी ४.४ टक्के जणांना. त्याच अभ्यासात कुणाला धोका जास्त हेही पाहिलं गेलं, आणि कॉर्नियाची जाडी त्यात ठळकपणे पुढे आली. कॉर्निया ५५५ मायक्रॉन किंवा त्याहून पातळ असलेल्यांना, ५८८ च्या वर जाडी असलेल्यांपेक्षा सुमारे तिप्पट धोका होता. थेंब न घेतलेल्या गटात, दाब सगळ्यात जास्त आणि कॉर्निया सगळ्यात पातळ अशांपैकी ३६ टक्के जणांना पुढे काचबिंदू झाला. दाब तेवढाच पण कॉर्निया जाड, अशांत फक्त ६ टक्के.

हाच तो खरा दाणा. पण नीट वाचलं तर यातच मजकुराचं खंडन आहे. अभ्यासात येताना प्रत्येकाची नस ठणठणीत होती, पातळ कॉर्नियावाल्यांचीही. ती ठणठणीत नसती तर त्यांना घेतलंच नसतं. म्हणजे अभ्यासाने सांगितलं ते असं: दाब वाढलेला असताना पातळ कॉर्निया असेल तर पुढे नसेला इजा होण्याची शक्यता जास्त. "पातळ कॉर्नियावाल्याची नस आज पातळ आहे" असं तो अभ्यास कुठेच म्हणत नाही. आणि ज्यांचा दाब वाढलेलाच नाही, अशा निरोगी लोकांबद्दल तर तो काहीच सांगत नाही. ते त्यात नव्हतेच.

मग दाब वाढलेल्यांतच हे नातं का दिसतं? हे समजलं की पुढचं सगळं सोपं होतं. डोळ्याचा दाब आपण आत सुई घालून मोजत नाही. गोल्डमनच्या यंत्रात कॉर्नियाचा ३.०६ मिलिमीटरचा गोल भाग सपाट करायला किती जोर लागतो ते पाहतो आणि त्यावरून आतला दाब ठरवतो. टायरमधली हवा अंगठ्याने दाबून बघावी, तसंच हे. रबर जाड असेल तर हवा कमी असूनही टायर कडक लागतो. हे यंत्र बेतलं गेलं ते पाचशे-सव्वापाचशे मायक्रॉनचा कॉर्निया धरून. कॉर्निया त्याहून जाड असला की आकडा उगाच चढा येतो, पातळ असला की उगाच उतरता.

आता दोन माणसं घ्या. दोघांचाही दाब यंत्रावर २६ (मिलिमीटर पारा). एकाचा कॉर्निया ५१०, दुसऱ्याचा ६१०. दुसऱ्याच्या २६ मधला काही भाग निव्वळ जाडीमुळे चढलेला आहे, त्याचा खरा दाब कमी आहे. पहिल्याचा खरा दाब २६ च्या आसपासच आहे. यंत्रावर दाब जास्त आलेल्यांनाच निवडून एक गट केला की त्या गटात जाड कॉर्नियाची, पण खऱ्या दाबाने साधी असलेली बरीच माणसं येऊन बसतात. अमेरिकेतल्या त्या अभ्यासात कॉर्नियाची सरासरी जाडी ५७३ मायक्रॉन भरली, सर्वसाधारण लोकांपेक्षा चांगलीच जास्त. ती यामुळेच. आणि अशा गटात पातळ कॉर्नियावाले म्हणजे खरोखर जास्त दाब सोसणारे. वर्षानुवर्षं दाब सोसलेल्या नसेचा थर थोडा झिजलेला दिसला तर त्यात नवल नाही. चंदीगडहून २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ओसीटीच्या अभ्यासात नेमकं हेच दिसलं: दाब वाढलेल्यांपैकी ज्यांचा कॉर्निया ५५५ किंवा त्याहून पातळ होता, त्यांचा चेतातंतूंचा थर इतरांपेक्षा पातळ होता. अभ्यास चोख आहे. फक्त तो दाब वाढलेल्यांबद्दल बोलतो.

निरोगी डोळ्यांत ही चाळणीच लागत नाही. दाब मुळात १० ते २१ च्या पट्ट्यात असतो, मोजमापात दोन-तीन अंक इकडेतिकडे झाले तरी नस झिजवणारं काही घडत नसतं. निरोगी डोळ्यांवर हे नातं तपासणाऱ्यांना बहुतेक वेळा ते सापडलेलं नाही, किंवा सापडलं तर इतकं क्षीण की एका माणसाबद्दल त्यावरून काही बोलता येत नाही. क्षीण म्हणजे किती, तर समजा दोन जाड्यांमधला सहसंबंध ०.२ निघाला. त्याचा अर्थ नसेच्या जाडीत माणसामाणसांत जो फरक आहे, त्यातला जेमतेम चार टक्के कॉर्नियाच्या जाडीशी जुळतो. उरलेले शहाण्णव टक्के दुसऱ्याच गोष्टींचे.

त्या दुसऱ्या गोष्टी बऱ्याच अंशी माहीत आहेत. ३२८ निरोगी लोकांच्या ओसीटीवर बेतलेला एक अभ्यास २००७ साली आला. त्यात थराची सरासरी जाडी १०० मायक्रॉन होती. वय दर दहा वर्षांनी वाढलं की ती सुमारे २ मायक्रॉनने घटत होती. डोळ्याची पुढून मागे लांबी एक मिलिमीटरने जास्त असली की सुमारे २.२ मायक्रॉनने कमी भरत होती. नसेच्या चकतीचा आकारही त्यात हिशेबात धरावा लागत होता. म्हणून साठीच्या, उणे सहा नंबरच्या माणसाचा थर विशीतल्या बिननंबरी माणसापेक्षा सरासरीने पातळच निघतो. त्या साठीच्या माणसाचा कॉर्निया कितीही जाड असो.

आता आपल्या मातीतला दाखला. नागपूरजवळच्या खेड्यांत तीस वर्षांवरच्या ४,७११ लोकांचे डोळे तपासले गेले आणि २०१० साली त्यांच्या कॉर्नियाचे आकडे प्रसिद्ध झाले. सरासरी जाडी ५१४ मायक्रॉन, निम्मे लोक ५१७ च्या खाली. आकड्यांचा पसारा पाहता तिथले जवळपास दहातले नऊ लोक ५५५ च्या खाली भरतात. मजकुराचं म्हणणं खरं मानलं तर विदर्भातली ती गावंच्या गावं काचबिंदूची ठरली असती. भारतात चाळिशीपुढच्या लोकांत काचबिंदूचं प्रमाण शंभरात साधारण दोन ते चार आहे. ५५५ हा आकडा अमेरिकेतल्या दाब वाढलेल्या लोकांच्या गटाची वाटणी करताना पडलेली रेघ होती. ती उचलून विदर्भातल्या शेतकऱ्याच्या निरोगी डोळ्यावर ओढायला काही आधार नाही.

आणखी एक गोष्ट यातच सांगून टाकतो, कारण इंटरनेटवर जुने निष्कर्ष उचलून दाखवणारे पुष्कळ आहेत. ओसीटी सर्रास होण्याआधी नसेचा थर मोजायला ध्रुवीकृत लेसरचं एक यंत्र वापरात होतं. त्याचा किरण आत जाताना आणि परतताना कॉर्नियातूनच जायचा, आणि कॉर्नियाचे स्वतःचे कोलॅजन तंतू त्या किरणाचं ध्रुवीकरण बदलायचे. सुरुवातीच्या यंत्रांत सगळ्यांचा कॉर्निया सारखाच धरून एकच ठरावीक दुरुस्ती असे. त्यामुळे पुढच्या काचेतला फरक मागच्या थराच्या आकड्यात मिसळायचा. पुढे प्रत्येक डोळ्यापुरती वेगळी दुरुस्ती यंत्रात आली. तेव्हा त्या काळचा निष्कर्ष समोर आला की आधी यंत्र कोणतं होतं ते बघावं.

"६०० च्या वर असेल तर थेंब घालू नका"

मजकुरातलं सगळ्यात घातक वाक्य हे.

जाड कॉर्नियामुळे दाब चढा वाचला जातो हे खरं. पण किती चढा, याचं सर्वमान्य सूत्र नाही. वेगवेगळ्या संशोधकांचे हिशेब दर १० मायक्रॉनला ०.२ पासून ०.७ पर्यंत जातात. कॉर्निया ६००, दाब २४, आधार ५२० चा धरा. एका हिशेबाने १.६ वजा होऊन दाब येतो २२.४. दुसऱ्याने ५.६ वजा होऊन १८.४. तोच डोळा एका सूत्रात वाढलेल्या दाबाचा, दुसऱ्यात अगदी साधा. मोबाइलवर आकडे टाकून "दुरुस्त दाब" सांगणाऱ्या तक्त्यावर विसंबून थेंब बंद करणं म्हणजे स्वतःच्या नजरेवर जुगार. शिवाय कॉर्निया सुजून जाड झाला असेल तर हे हिशेब लागूच होत नाहीत. सुजलेली काच मऊ असते.

आणि जाड कॉर्निया म्हणजे कवच नव्हे. जन्मतः बुबुळातला रंगीत पडदा नसलेल्या मुलांचा कॉर्निया नेहमीपेक्षा बराच जाड असतो आणि त्यांच्यात काचबिंदूचं प्रमाण मोठं आहे. लहानपणी मोतीबिंदू काढलेल्या मुलांचंही तसंच. कोन बंद होऊन होणारा काचबिंदू भारतात पुष्कळ दिसतो. त्यात डोळ्यातलं पाणी निचरून जाण्याची जागाच अरुंद असते. कॉर्नियाची जाडी तिथे काहीही सांगत नाही. त्यासाठी गोनिओस्कोपी, म्हणजे डोळ्याला आरशाची लेन्स लावून तो कोन डोळ्याने पाहणं, हाच मार्ग. "पॅकिमेट्री झाली, पुरे" म्हणणाऱ्याने हे लक्षात घ्यावं. उलट बाजूने, दाब २१ च्या आत असूनही काचबिंदू होतो. जपानमधल्या ताजिमी शहरातल्या पाहणीत उघड्या कोनाच्या काचबिंदूचे ९२ टक्के रुग्ण असेच निघाले.

"लेसिकने नसही झिजते"

लेसिक हा या वादातला सगळ्यात स्वच्छ पुरावा आहे. उणे पाच नंबर काढताना कॉर्नियातून साधारण ६० ते ७५ मायक्रॉन ऊती लेसरने काढली जाते. सकाळी ५४० चा असलेला कॉर्निया दुपारी ४७० च्या आसपास येतो. कॉर्नियाच्या जाडीने नसेची जाडी ठरत असती तर त्या दिवसापासून नसेचा थरही उतरायला हवा होता. शस्त्रक्रियेआधी आणि नंतर ओसीटी काढून पाहिलं गेलं आहे, तसं होत नाही. शस्त्रक्रियेत काही सेकंद डोळ्यावर चोषण लावतात, तेव्हा दाब खूप चढतो, आणि त्यातून नसेला इजा झाल्याच्या अगदी विरळा नोंदी आहेत. पण तो मुद्दा दाबाचा आहे, काचेच्या जाडीचा नाही.

लेसिक झालेल्यांनी सांभाळायची गोष्ट वेगळीच आहे आणि मजकुरात तिचा पत्ता नाही. पातळ झालेल्या कॉर्नियावर दाब खोटा कमी वाचला जातो. वीस वर्षांनी चाळिशी-पंचेचाळिशीत नव्या डॉक्टरांकडे गेलात, लेसिकचं सांगितलं नाहीत आणि दाब १६ आला, तर तो १६ नसण्याची शक्यता बरीच आहे. लेसिकआधीचे दाबाचे, पॅकिमेट्रीचे आणि चष्म्याच्या नंबरचे कागद जपून ठेवा, आणि दरवेळी न विचारता सांगा.

"ओसीटीत लाल म्हणजे निदान पक्कं"

ओसीटीचा रिपोर्ट हातात आला की नजर पहिल्यांदा रंगावर जाते. हिरवा, पिवळा, लाल. हे रंग निदान सांगत नाहीत. यंत्रात काही निरोगी लोकांचे आकडे साठवलेले असतात. त्यांच्यात तुमच्याच वयाच्या शंभर निरोगी लोकांत सगळ्यात पातळ अशा एकाच्या खाली तुमचा आकडा गेला की लाल, पाचांच्या खाली गेला की पिवळा. म्हणजे व्याख्येनेच शंभर निरोगी लोकांतल्या एकाला सरासरीचा रंग लाल येणार. वर्तुळाचे चार भाग आणि बारा तास वेगवेगळे रंगवले जातात, त्यामुळे कुठेतरी एक लाल पाचर दिसणं निरोगी डोळ्यातही सहज घडतं.

जास्त उणे नंबर असलेल्यांत तर हे फार होतं. त्यांचा डोळा लांब असतो, त्यामुळे आखलेलं वर्तुळ पडद्यावर प्रत्यक्षात मोठं पडतं, नसेच्या चकतीपासून दूर जातं, आणि तिथे थर मुळातच पातळ असतो. शिवाय त्यांच्या तंतूंचे वरचे आणि खालचे जाड गठ्ठे पडद्याच्या मध्यावरच्या पिवळ्या ठिपक्याच्या बाजूला सरकलेले असतात, म्हणून वर-खाली लाल दिसतं आणि त्या बाजूला थर नेहमीपेक्षा जाड. रिपोर्टच्या कोपऱ्यात संकेताची ताकद लिहिलेली असते. बऱ्याच जणांकडे असलेल्या एका यंत्रावर ती दहापैकी सहाच्या खाली असेल तर आकड्यांवर भरवसाच ठेवत नाहीत. कोरडा डोळा, मोतीबिंदू, मधेच उघडझाप, यांनी ती घसरते आणि थर खोटा पातळ दिसतो. रंग बघायच्या आधी तो आकडा बघा.

या लालला पातळ कॉर्निया जोडला म्हणून तो खरा होत नाही. निरोगी डोळ्यात या दोन गोष्टी एकमेकींच्या साक्षीदार नाहीत हे वर आलंच आहे. साक्ष द्यायची ती नसेच्या चकतीच्या कडेने, दृष्टिक्षेत्राच्या तपासणीने, आणि सगळ्यात जास्त म्हणजे त्याच यंत्रावर काही महिन्यांनी पुन्हा काढलेल्या ओसीटीने. वर्षभरात थर ८४ चा ८४ राहिला तर एक गोष्ट, ८४ चा ७६ झाला तर दुसरी. काचबिंदू हा झिजत जाण्याचा आजार आहे, आणि झीज एका फोटोत दिसत नाही.

"मुलांचीही पॅकिमेट्री करून घ्या"

कॉर्नियाची जाडी आईवडिलांकडून येते हे अगदी खरं. जुळ्यांच्या अभ्यासांत माणसाच्या शरीरातल्या सगळ्यात आनुवंशिक मापांपैकी हे एक ठरलं आहे. पण जाडी वारशाने आली म्हणजे तिच्याबरोबर काचबिंदूही आला, असा अर्थ निघत नाही. २०१८ मध्ये हजारो लोकांच्या जनुकांवरून कॉर्नियाची जाडी ठरवणाऱ्या जागा शोधल्या गेल्या. त्या जागांचा कॉर्निया शंकूसारखा पुढे येण्याच्या आजाराशी स्पष्ट उलटा संबंध दिसला: जाडी वाढवणारे जनुकीय फरक त्या आजाराचा धोका कमी करत होते. उघड्या कोनाच्या काचबिंदूशी तसा ठाम संबंध दिसला नाही. दाब वाढलेल्यांत पातळ कॉर्निया धोका का दाखवतो यावर वाद आहे. मोजमापातली गफलत त्यात नक्की आहे, ती एकटीच आहे का, इतकाच प्रश्न. काही जण जाडीपेक्षा कॉर्नियाच्या लवचीकपणाकडे, म्हणजे दाबल्यावर तो किती ऊर्जा शोषतो याकडे बोट दाखवतात, आणि काचबिंदू वाढत जाण्याशी त्याचं नातं दिसलंही आहे.

दहा वर्षांच्या मुलाचा कॉर्निया मोजून त्याच्या नसेबद्दल काहीही कळत नाही. घरात कुणाला काचबिंदू असेल तर आधी त्यांच्या सख्ख्या भावंडांना गाठा. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला एकदा बाहुली मोठी करून नस बघणाऱ्या आणि गोनिओस्कोपी करणाऱ्या डॉक्टरांकडे न्या. भारतात काचबिंदूचे रुग्ण सव्वा कोटीच्या जवळपास असल्याचा अंदाज आहे, आणि त्यातल्या बहुतेकांना तो आहे हेच माहीत नसतं. त्यांना आणायचं असेल तर दादाला किंवा ताईला फोन करून "डोळ्याची नस तपासून घे, नंबर नाही, नस" एवढं सांगा.